फ्रेम जितकी ताठ, तितकी बाईक पक्की?

बाईकची फ्रेम जितकी ताठ, तितकी ती वळणावर पक्की, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. ब्रेक दाबताना फ्रेम ताठच हवी. पण मोटोजीपीत, म्हणजे बाईक शर्यतींच्या सर्वोच्च जागतिक स्पर्धेत, गाडी 60 अंशांहूनही जास्त कलते तेव्हा रस्त्यावरचा उंचवटा चाकाला जवळजवळ बाजूने ढकलतो. शॉकअप मात्र स्वतःच्या रेषेतच दबतात. तो धक्का पचवायला फ्रेम, फोर्क (पुढचं चाक धरणारे दांडे) आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आडवे किंचित लवावेच लागतात, नाहीतर टायर रस्त्यावरून उसळतो आणि पकड सुटते.

मोटोजीपीतल्या डुकाटी या इटालियन कंपनीचंच बघा. 2007चं जगज्जेतेपद तिचा रायडर केसी स्टोनरने पोलादी नळ्यांच्या फ्रेमवर मिळवलं. 2009मध्ये ताठ कार्बन फायबरची फ्रेम आली. त्यावरही स्टोनरने शर्यती जिंकल्या, पण 2011मध्ये डुकाटीत आलेल्या व्हॅलेंटिनो रॉसी या रायडरला पुढच्या टायरची पकड कळेचना. 2012ला अॅल्युमिनियमची पूर्ण फ्रेम आली. तरी रॉसी डुकाटीवर एकही शर्यत जिंकला नाहीच, म्हणजे सगळा दोष फ्रेमचाही नव्हता.