खेळल्याने गुडघ्याचं वंगण संपतं का?

‘चाळिशीनंतर खेळू नका, गुडघ्यांचं वंगण संपतं,’ असा संदेश वर्षानुवर्षं फिरतोय. लोक तो काळजीपोटीच पुढे पाठवतात, पण तो खरा नाही.

सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या द्रवातून, म्हणजे त्या ‘वंगणातूनच’ होतं, आणि हालचालीत कूर्चा दाबली-सुटली की तो द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे सांधा आखडतो तो बसून राहिल्याने. मांड्यांचे स्नायू बळकट असले तर गुडघ्यावरचा ताणही कमी होतो. (सूज किंवा जुनी दुखापत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच.)

आपल्या खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) कडुलिंबाला झोके बांधतात. उभ्याने झोका चढवणाऱ्या बाईकडे नीट बघा: गुडघे वाकतात, पाय रेटतात, तोल सावरला जातो. हा तोलच उतारवयात पडण्यापासून वाचवतो. म्हणून मोठ्यांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम हालचाल आणि पासष्टीनंतर 3 दिवस तोलाचा व्यायाम सुचवला जातो.

पडताळा घरीच घ्या. भिंतीजवळ एका पायावर उभं राहून सेकंद मोजा. मग काही आठवडे, ऊन उतरल्यावर, नातवंडांशी रोज चेंडू खेळा आणि पुन्हा मोजा.