पत्र, पाकीट आणि शिक्के: ईमेलच्या हेडरमागची गोष्ट

गेल्या वर्षी माझ्या मावशीला एक मेल आली. पाठवणाऱ्याच्या जागी तिचाच पत्ता. आत धमकी: तुमचा कॉम्प्युटर माझ्या ताब्यात आहे, पैसे भरा, खात्री पटत नसेल तर बघा, ही मेल तुमच्याच खात्यातून पाठवली आहे. दोन रात्री तिला झोप नव्हती. "माझ्याच पत्त्यावरून आली, म्हणजे तो आत शिरलाच ना?" असं ती मला पुन्हा पुन्हा विचारत होती. तो शिरला नव्हता. पण तिला असं का वाटलं हे कळायला पन्नास वर्षं मागे जावं लागतं.

१९७१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज गावी बीबीएन कंपनीच्या रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून शेजारच्याच यंत्रावर नेटवर्कमार्गे पहिली मेल पाठवली. माणसाचं नाव आणि यंत्राचं नाव यांच्यामध्ये 'ॲट'चं चिन्ह ठेवायची कल्पना त्यांचीच. मेलच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमध्ये, काय लिहायचं हे मात्र जो तो आपल्या पद्धतीने ठरवत होता. त्याला वळण लावणारा मसुदा सप्टेंबर १९७३ मध्ये आला, आरएफसी ५६१ (आरएफसी म्हणजे नेटवर्कच्या नियमांची क्रमांकित टिपणं). त्याच्या चार लेखकांत पहिलं नाव अभय भूषण यांचं, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतले, पुढे एमआयटीत गेलेले. ते नाव तिथे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. कोणाकडून, कधी, कशाबद्दल, मग एक कोरी ओळ आणि मग मजकूर, अशी ती मांडणी. हेडर कुठे संपतं हे आजही त्या कोऱ्या ओळीवरूनच ठरतं.

नको असलेली मेलही फार उशिरा आली नाही. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनी नव्या कॉम्प्युटरची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम पाठवली. पत्ते इतके होते की 'टू'च्या रकान्यात मावले नाहीत, उरलेले थेट मजकुरात सांडले.

खरी मेख ऑगस्ट १९८२ मधली आहे. त्या महिन्यात दोन नियमावल्या निघाल्या: मेल कशी वाहून न्यायची याची जॉन पोस्टेल यांची, आणि मेल कशी लिहायची याची डेव्हिड क्रॉकर यांची. म्हणजे पाकीट वेगळं आणि पत्र वेगळं. आपण पत्राच्या माथ्यावर गाव-तारीख घालतो, 'ती. बाबांस' लिहितो, खाली सही करतो. पोस्टमन त्यातलं काहीच वाचत नाही. तो पाकिटावरचा पत्ता बघतो. ईमेलचंही तसंच. 'फ्रॉम' आणि 'टू' या ओळी पत्राच्या आत असतात आणि त्या पाठवणारा स्वतः लिहितो. म्हणून 'टू'मध्ये आपलं नाव नसलेली मेलही आपल्याकडे येते, आणि 'फ्रॉम'मध्ये कोणीही कोणाचंही नाव घालू शकतो. त्या काळी नेटवर्कवर विद्यापीठं, संशोधन संस्था आणि लष्कराशी संबंधित मंडळी होती, त्यामुळे सही तपासायची गरज कोणाला वाटली नाही.

वाटेतल्यांचा हात लागतो तो शिक्क्यांना. जुन्या आंतर्देशीय पत्रावर टाकलेल्या गावाचा आणि पोचलेल्या गावाचा शिक्का असायचा. तसाच वाटेतला प्रत्येक सर्व्हर, म्हणजे मेल पुढे नेणारं यंत्र, 'रिसीव्ह्ड' अशी ओळ जोडतो, आणि ती सगळ्यात वर जोडतो. म्हणून हेडर खालून वर वाचायचं. वेळा चक्रावून टाकतात, कारण एक सर्व्हर भारतीय वेळ (+०५३०) लिहितो, दुसरा अमेरिकेतली (-०७००), आणि मेल निघायच्या आधीच पोचली असं वाटतं. सगळ्यात खालचे शिक्के बनावट असू शकतात. भरवसा ठेवायचा तो आपल्या मेलसेवेने मारलेल्या वरच्या शिक्क्यांवर.

मेलच्या विषयाची ओळ मराठीत असेल तर आणखी एक कोडं दिसतं. हेडरमध्ये फक्त रोमन अक्षरं चालत, म्हणून १९९२ मध्ये इतर लिप्या सांकेतिक रूपात बसवायची युक्ती निघाली. तिच्या बेस-६४ या प्रकारात देवनागरी 'न'चे चार चिन्हांत '४केएसओ' होतात. कच्च्या हेडरमध्ये '४केएस' आणि '४केडब्ल्यू' यांची माळ दिसली तर तो व्हायरस नाही, बहुधा आपलीच लिपी आहे.

२००२ मध्ये क्लेझ नावाच्या वर्मने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामने, 'फ्रॉम'चा हा दुबळेपणा घरोघरी पोचवला. तो लागण झालेल्या कॉम्प्युटरवरचे पत्ते उचलून एकाच्या नावाने दुसऱ्याला मेल धाडायचा. त्यामुळे कधीही न पाठवलेल्या मेल परत आल्याचे निरोप लोकांना येऊ लागले. त्यानंतरच्या दशकात तपासणीच्या तीन पद्धती आल्या. एसपीएफ विचारतं, या सर्व्हरला या डोमेनच्या (पत्त्यातल्या 'ॲट'नंतरच्या भागाच्या) नावाने पाठवायची मुभा आहे का. डीकेआयएम मेलवर डिजिटल सही करतं. २०१२ मध्ये मांडलेलं डीमार्क या दोन्हींचा मेळ 'फ्रॉम'शी घालतं आणि मेळ बसला नाही तर मेलचं काय करायचं ते सांगतं. पण डोमेनच्या मालकाने तसं नोंदवलेलं असेल तरच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशोबात रोज ५,००० वा जास्त) हे तिन्ही सक्तीचे केले, आणि तेही मला उशिराच वाटतं.

मावशीचं खातं एका लहान संस्थेच्या डोमेनवर आहे. आम्ही दोघींनी बसून ती मेल 'शो ओरिजिनल'मध्ये, म्हणजे कच्च्या हेडरसकट, उघडली. एसपीएफपुढे 'सॉफ्टफेल', म्हणजे या सर्व्हरला बहुधा मुभा नाही; डीमार्कपुढे 'नन', म्हणजे संस्थेने काही नोंदवलेलंच नाही. ज्या सर्व्हरने मेल आणून दिली त्याचं नाव संस्थेच्या नावाच्या जवळपासही नव्हतं. मावशीने चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली, "म्हणजे सही माझी, पण शिक्का दुसऱ्याच गावचा."