व्हेरियंट मुखपृष्ठ आणि दुसरी छपाई: बारकोडच्या शेवटच्या दोन आकड्यांतला फरक

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशकाच्या 'अल्टिमेट फॉलआउट' या कॉमिक्स मालिकेचा चौथा अंक ऑगस्ट २०११ मध्ये आला आणि माइल्स मोरालेस हा नवा स्पायडरमॅन वाचकांना त्यात पहिल्यांदा दिसला. या अंकाच्या ग्रेडिंग झालेल्या, म्हणजे अवस्था तपासून गुण दिलेल्या, प्रती शोधू लागल्यास निदान तीन मुखपृष्ठे समोर येतात: नेहमीचे, मार्को जुर्जेविच यांनी काढलेले व्हेरियंट, आणि दुसऱ्या छपाईसाठी दिलेले. नव्या संग्राहकाला शेवटची दोन्ही एकाच जातीची वाटतात, कारण दोन्हींवरचे चित्र नेहमीच्या अंकापेक्षा वेगळे असते. मात्र ती बाजारात येण्याची कारणेच भिन्न आहेत, आणि किंमत त्या कारणांशी बांधलेली असते.

व्हेरियंट हे पहिल्याच छपाईचे भावंड असते. आतला मजकूर तोच, छपाईची वेळही तीच, फक्त काही प्रतींना निराळे मुखपृष्ठ दिलेले असते. जुर्जेविच यांचे मुखपृष्ठ 'एकास पंचवीस' या प्रमाणातले आहे, म्हणजे दुकानदाराने नेहमीच्या पंचवीस प्रती मागवल्या तरच त्याला त्याची एक प्रत मागवता येत असे. अशा व्हेरियंटची दुर्मीळता प्रकाशकाने आधीच आखून दिलेली असते. तथापि प्रत्येक व्हेरियंट दुर्मीळ असतोच असे मुळीच नाही: १९९१ च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाला पाच मुखपृष्ठे होती आणि त्या सर्वांच्या मिळून ऐंशी लाखांहून अधिक प्रती दुकानांनी मागवल्या होत्या. त्यामुळे व्हेरियंट हा शब्द दिसला की ज्यादा पैसे मोजण्याची सवय मला धोक्याची वाटते.

दुसऱ्या छपाईची गोष्ट मराठी वाचकाला समजायला सोपी आहे, कारण आपल्या पुस्तकांच्या आरंभी 'पुनर्मुद्रण' म्हणून जी नोंद असते तीच ही बाब आहे. पहिल्या छपाईचा साठा संपला आणि मागणी उरली, तर प्रकाशक तोच अंक पुन्हा छापतो, आणि दोन्ही छपाया वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून बरेचदा मुखपृष्ठात बदल करतो. 'अमेझिंग स्पायडरमॅन'च्या ३६१ व्या अंकात (१९९२) कार्नेज हा खलनायक अवतरला, आणि त्या अंकाच्या दुसऱ्या छपाईत चित्र तेच ठेवून पार्श्वभूमी चंदेरी करण्यात आली. पहिली छपाई सहसा अधिक मोलाची मानली जाते हे खरे, परंतु पुनर्मुद्रण फक्त उरलेल्या मागणीपुरते होत असल्याने त्याच्या प्रती कधीकधी पहिल्या छपाईपेक्षा पुष्कळ कमी असतात. अशा अंकांकडे 'दुसरी छपाई' म्हणून पाठ फिरवणे हीसुद्धा चूकच आहे.

अलीकडच्या अमेरिकी अंकांत हा फरक बारकोडवरच छापलेला असतो. मुख्य बारकोडच्या उजवीकडे पाच आकड्यांचा लहान बारकोड असतो. त्याचे पहिले तीन आकडे अंकाचा मालिकेतील क्रमांक सांगतात, चौथा मुखपृष्ठ सांगतो आणि पाचवा छपाई. ००४११ म्हणजे चौथा अंक, पहिले मुखपृष्ठ, पहिली छपाई. ००४२१ असेल तर दुसरे मुखपृष्ठ पण छपाई पहिलीच, म्हणजे व्हेरियंट. आणि ००४१२ असेल तर दुसरी छपाई. विक्रेत्याने वर्णनात काहीही लिहिले असले तरी हे शेवटचे दोन आकडे छायाचित्रात मोठे करून पाहावेत. जुन्या अंकांना ही सोय नाही.

ग्रेडिंगने या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते असा समज आहे, तो अर्धाच बरोबर आहे. सीजीसीसारखी संस्था अंक तपासून ०.५ ते १०.० यांदरम्यान ग्रेड देते, त्याला पारदर्शक कवचात बंद करते आणि वरच्या लेबलवर व्हेरियंट किंवा दुसरी छपाई अशी नोंदही करते. पण ठळक आकड्यात दिसणारा ९.८ हा ग्रेड केवळ प्रतीच्या अवस्थेविषयी असतो, आणि निळे लेबल तिन्ही प्रकारांना सारखेच मिळते. शिवाय आजचे अंक दुकानातून थेट संरक्षक पिशवीत जात असल्याने त्यांना ९.८ मिळणे फारसे विशेष राहिलेले नाही. याउलट मार्व्हलने १९७६ साली मोजक्या ठिकाणी पंचवीसऐवजी तीस सेंट किंमत छापून काही अंक विकून पाहिले, त्या प्रती साध्या वाचकांच्या हातात गेल्या, दुमडल्या, फाटल्या. छापील किंमतीखेरीज त्यांच्यात आणि नेहमीच्या प्रतींत फरक नाही, तरी त्यांतली एखादी ९.८ च्या अवस्थेत सापडणे फारच विरळा.