यादीत नसलेली गरज : एनएफएल ड्राफ्टआधीच्या हिशेबाची गोष्ट

एप्रिल जवळ आला की अमेरिकेत एक यादी जिथे तिथे दिसू लागते. एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या ३२ संघांची नावं आणि प्रत्येकापुढे तीन-चार रिकाम्या जागा. याला चेंडू फेकून खेळ चालवणारा क्वार्टरबॅक हवा, त्याला त्याची राखण करणारा टॅकल, तिसऱ्याला बचावातला कॉर्नरबॅक. दिसायला ही महिन्याच्या वाणसामानाची यादी वाटते: तेल संपलं, साखर संपत आली. पण इथे आणलेली साखर विरघळायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि कधी कधी घरी येऊन पुडी उघडली की आत मीठ निघतं.

फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडूचा. आयपीएलच्या लिलावात थैलीत पैसे असले की कुणावरही बोली लावता येते. ड्राफ्टमध्ये बोली नाही, पाळी असते. गेल्या हंगामात जो तळाला, तो पहिला, विजेता शेवटी. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंतून पाळीप्रमाणे एकेक उचलायचा. साहजिकच आपल्या पाळीला काय मागायचं हे आधी ठरवावं लागतं. ड्राफ्ट सुरू होऊन नव्वद वर्षं झाली. पण संघाची गरज मोजणं ही स्वतंत्र विद्या त्यातल्या उत्तरार्धातली आहे, आणि तिचा जन्म मैदानावर झाला नाही, करारपत्रांत झाला.

सुरुवात रडकुंडीला आलेल्या एका मालकापासून होते. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल. १९३५च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाचा फुलबॅक स्टॅन कोस्टका याच्यासाठी त्यांनी ब्रुकलिन डॉजर्सशी चढाओढ केली आणि हरले. चांगले खेळाडू शिकागो बेअर्स, न्यूयॉर्क जायंट्स अशा तालेवार संघांकडे जात, उरलेसुरले बेल यांच्या वाट्याला. मे १९३५मध्ये त्यांनी इतर मालकांपुढे उलट्या क्रमाने निवड करण्याची कल्पना मांडली आणि तालेवारांनीही ती मान्य केली. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियाच्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघ, नऊ फेऱ्या, ८१ निवडी. फळ्यावर नव्वदेक नावं लिहिलेली. पहिलं नाव ईगल्सनी उचललं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वेंगरचं. पुढे त्याचे हक्क बेअर्सकडे गेले, तरी तो व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. निवडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी असाच काढता पाय घेतला. साध्या नोकरीत बरे पैसे मिळत होते. अशा दिवसांत बचाव बळकट हवा की आक्रमण, ही चर्चा कोण करणार? यायला तयार असलेला चांगला माणूस सापडला म्हणजे गरज भागली.

त्यामुळे पुढची तीसेक वर्षं संघांची सगळी हुशारी एकाच गोष्टीत गेली: माणूस शोधण्यात. जायंट्सचे वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रं नि मासिकं मागवून खेळाडूंच्या नोंदी ठेवत. लॉस एंजेलिस रॅम्सनी एडी कोटल यांना पूर्णवेळ स्काउट (खेळाडू हेरणारा) म्हणून देशभर फिरवलं. १९६०च्या दशकात काही संघांनी खर्च वाटून घेत सामायिक स्काउट-मंडळं काढली.

भारतीय वाचकाने ज्यापाशी जरा थांबावं असं प्रकरण याच दशकातलं आहे. डॅलस काउबॉइज हा तेव्हा नवा संघ. त्याचे कारभारी टेक्स श्रॅम आधी सीबीएस वाहिनीत होते. १९६०च्या स्क्वॉ व्हॅली हिवाळी ऑलिंपिकच्या प्रक्षेपणाच्या वेळी निकालांचे हिशेब संगणक कसे करतात, हे त्यांनी पाहिलं होतं. हेच यंत्र खेळाडू निवडायला का नको, या विचाराने ते आयबीएमच्या एका उपकंपनीकडे गेले. तिथे त्यांची गाठ पडली सलाम कुरेशी या भारतात जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञाशी. कुरेशींना क्रिकेट कळत होतं, अमेरिकन फुटबॉल नाही. श्रॅम यांना फुटबॉल कळत होतं, संख्याशास्त्र नाही. दोघांना एकमेकांचे उच्चारही नीट समजत नसत. मला वाटतं, हे अज्ञानच कामाला आलं. फुटबॉल जाणणाऱ्याला ‘पोरगा चपळ आहे’ हे वाक्य पुरेसं वाटतं. कुरेशींसारख्याला प्रश्न पडणारच की चपळ म्हणजे काय? तुमचा चपळ आणि शेजारच्या राज्यातल्या स्काउटचा चपळ एकच का?

मग त्यांनी स्काउटांचे शेरे मोडून प्रश्नावली केली. शंभरावारी गुण चाळून अखेर पाच उरले: स्वभाव, चपळाई व शरीरावरचा ताबा, ईर्षा, बुद्धीची तल्लखता, ताकद व स्फोटकता. प्रत्येकाला अंकांत गुण द्यायचे. रॅम्स आणि सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सनी यात खर्चाचा वाटा उचलला. १९६४च्या ड्राफ्टमध्ये डॅलसने सातव्या फेरीत धावपटू बॉब हेज घेतला आणि दहाव्या फेरीत रॉजर स्टॉबाख. स्टॉबाख नौदलाच्या सेवेत अडकलेला, तो १९६९मध्ये संघात आला. पाच वर्षांनी येणाऱ्या क्वार्टरबॅकवर निवड खर्च करणाऱ्या संघाची ‘आजची गरज’ ती काय असणार! १९६६ ते १९८५ अशी सलग वीस वर्षं डॅलसचे विजय पराभवांपेक्षा जास्त राहिले. त्यातलं श्रेय यंत्राचं किती आणि यंत्राला माहिती पुरवणाऱ्या स्काउटप्रमुख गिल ब्रँट यांचं किती, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

यंत्राला न दिसणारंही पुष्कळ होतं. पिट्सबर्ग स्टीलर्सचे बिल नन हे मूळचे ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्राचे पत्रकार. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांत त्यांना घरच्यासारखा प्रवेश. इतर संघांचे स्काउट तिथे उभ्याउभ्या येऊन जात. अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची धाव ओल्या मैदानावर मोजली गेली, वेळ सुमार आली आणि स्काउट मंडळी पुढच्या गावाला गेली. नन मागे राहिले आणि कोरड्या जागी त्याला पुन्हा पळवलं. १९७४च्या त्या ड्राफ्टमध्ये स्टीलर्सनी लिन स्वान, जॅक लँबर्ट, स्टॉलवर्थ आणि माइक वेब्स्टर यांना घेतलं. डॉनी शेलला कुणीच निवडलं नव्हतं, तो नंतर करार करून आला. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत गेले. त्या पहिल्या चारांत दोन वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारे) आहेत हे बघा. आजच्या एखाद्या पंडिताने ‘एकाच जागेसाठी दोनदा निवड!’ म्हणून गुण कापले असते.

त्या काळी हे परवडायचं, कारण संघांतली माणसं जागची हलत नसत. करार संपला तरी खेळाडूला दुसरीकडे जाणं जवळपास अशक्य होतं. नव्या संघाने जुन्याला भरपाई द्यायची आणि ती आयुक्त ठरवणार, असा नियम. घरची माणसं घरातच राहणार म्हटल्यावर पुढल्या साली कोण नसेल याची चिंता कशाला? शिवाय निवडी भरपूर. १९५० ते १९५९ तीस फेऱ्या चालत, १९६७पासून सतरा, १९७७पासून बारा. एक चुकली तर पुढे डझनभर शिल्लक.

१९९३मध्ये हे घर उलटंपालटं झालं. न्यायालयीन लढाईनंतर लीग आणि खेळाडू-संघटना यांच्यात झालेल्या नव्या करारामुळे ठरावीक वर्षं खेळलेल्या खेळाडूंना करार संपल्यावर मोकळं होता येऊ लागलं. ईगल्सचा बचावपटू रेजी व्हाइट चार वर्षांच्या १ कोटी ७० लाख डॉलरच्या करारावर ग्रीन बे पॅकर्सकडे गेला आणि सगळ्यांना कळलं की आता कुणीही जाऊ शकतो. १९९४मध्ये पगारावर मर्यादा आली, प्रत्येक संघाला ३ कोटी ४६ लाख डॉलर. त्याच वर्षी ड्राफ्ट सात फेऱ्यांवर उतरला. एका बाजूने माणसं जाऊ लागली, दुसऱ्या बाजूने हात बांधले गेले आणि वर निवडीही कमी झाल्या. आज ‘संघाची गरज’ म्हणून जे वाचतो ते इथून सुरू होतं.

हा हिशेब मांडायची रीत साधी आहे. नियमित हंगामात संघात ५३ जण. प्रत्येकाच्या नावापुढे वय, दुखापती आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे करार कोणत्या साली संपतो तो आकडा. मार्चमध्ये मोकळ्या खेळाडूंचा बाजार भरतो. तिथे तातडीची भोकं बुजवायची, म्हणजे एप्रिलमध्ये अडलेल्या गिऱ्हाइकासारखं उभं राहावं लागत नाही. नवा प्रशिक्षक आला तर सगळं पुन्हा मांडायचं. चार जणांची बचाव-ओळ मोडून तिघांची केली की कालचा उत्तम डिफेन्सिव्ह एंड (त्या ओळीच्या टोकाचा खेळाडू) आज कुठेच बसत नाही आणि नसलेली गरज रातोरात उभी राहते.

प्रेक्षकांपर्यंत हा हिशेब टीव्हीने नेला. ईएसपीएनने १९८०मध्ये ड्राफ्टचं थेट प्रक्षेपण सुरू केलं. हॉटेलात बसून नावं वाचणारी माणसं कोण बघणार, असं तेव्हा मालकांनाही वाटत होतं. १९८४पासून ड्राफ्टचे विश्लेषक मेल कायपर पडद्यावर आले. या माणसाने संघाची गरज हा घराघरातल्या वादाचा विषय केला. १९९४मध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सनी पाचव्या क्रमांकावर ट्रेंट डिल्फर हा क्वार्टरबॅक सोडून ट्रेव्ह अल्बर्ट्सला घेतलं, तेव्हा कायपर यांनी त्यांना धारेवर धरलं. कोल्ट्सचे कारभारी बिल टोबिन त्याच प्रक्षेपणात भडकून म्हणाले, हा कायपर आहे तरी कोण? अल्बर्ट्स दुखापतींमुळे तीन हंगामांत निवृत्त झाला. डिल्फरनेही फार दिवे लावले नाहीत, एवढं टोबिन यांच्या बाजूने नमूद करायला हवं.

गरज आणि गुणवत्ता यांतला झगडा जुनाच: रिकामी जागा भरायची की समोरचा सर्वोत्तम उचलायचा? सगळेच कारभारी सर्वोत्तम म्हणतात. डेट्रॉइट लायन्सचे मॅट मिलन यांनी २००३, २००४ आणि २००५ अशी तीन वर्षं ओळीने पहिल्या फेरीत वाइड रिसीव्हर घेतला: चार्ल्स रॉजर्स, रॉय विल्यम्स, माइक विल्यम्स. २००७मध्ये पुन्हा तेच, कॅल्विन जॉन्सन. जॉन्सन अस्सल सोनं निघाला, पण २००८मध्ये लायन्स सोळापैकी सोळा सामने हरले. पोळ्या करायला कुणी नाही आणि वाढप्यांची रांग, अशी ती पंगत.

उलट ग्रीन बेचं उदाहरण. २००५मध्ये त्यांच्याकडे ब्रेट फार्व हा कसलेला क्वार्टरबॅक होता. कुठल्याच यादीत क्वार्टरबॅक ही त्यांची तातडीची गरज नव्हती. एरन रॉजर्स हा तरुण क्वार्टरबॅक घसरत २४व्या क्रमांकापर्यंत आला आणि त्यांनी तो घेतला. तीन वर्षं तो बाकावर बसला, २००८पासून खेळला आणि २०१०च्या हंगामात सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, जिंकून दिला. २०२०मध्ये तीच खेळी रॉजर्सवर उलटली. संघ नुकताच उपांत्य फेरीत हरलेला. सगळे म्हणत होते वाइड रिसीव्हर घ्या. पॅकर्सनी चार क्रमांक वर सरकून जॉर्डन लव्ह हा क्वार्टरबॅक घेतला. रॉजर्सने उत्तरादाखल ओळीने दोन वर्षं एमव्हीपी (हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू) हा किताब पटकावला, म्हणजे यादीवाले बरोबर होते. २०२३मध्ये रॉजर्स न्यूयॉर्क जेट्सकडे गेला आणि लव्हने त्याच मोसमात प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) डॅलसला डॅलसमध्येच ४८-३२ असं हरवलं, म्हणजे पॅकर्सही बरोबर होते. यादी एका वर्षाची होती, निवड तीन वर्षांनंतरची.

आणखी एक बदल २०११चा. त्याआधी पहिल्या क्रमांकाचा नवखा खेळाडू मैदानावर पाय ठेवण्यापूर्वीच गडगंज व्हायचा. २०१०च्या सॅम ब्रॅडफोर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती. लीग आणि खेळाडू-संघटनेच्या नव्या करारात नवोदितांचे पगार क्रमांकानुसार बांधले गेले. पुढच्या वर्षीच्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा अख्खा करार सुमारे २ कोटी २० लाखांचा. तेव्हापासून क्वार्टरबॅक नुसता चांगला असून भागत नाही, तो स्वस्त असताना चांगला हवा; म्हणजे उरलेले पैसे बाकीच्या बावन्न जणांवर खर्चता येतात.

याचा धडा फॉर्टीनाइनर्सनी दोन्ही अंगांनी गिरवला. २०२१मध्ये तिसऱ्या क्रमांकासाठी त्यांनी मायामीला त्या वर्षीच्या आणि पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी दिल्या आणि ट्रे लान्स हा क्वार्टरबॅक घेतला. गरज भागली असं समजून २०२२मध्ये त्यांनी अगदी शेवटची, २६२वी निवड ब्रॉक पर्डी या क्वार्टरबॅकवर केली. शेवटच्या खेळाडूला थट्टेने ‘मिस्टर इररेलेव्हंट’ म्हणतात. लान्स जायबंदी झाला, दुसरा क्वार्टरबॅक जिमी गारोपोलो जायबंदी झाला, पर्डी उभा राहिला आणि २०२३च्या हंगामात संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला, तेही वर्षाला दहा लाख डॉलरहून कमी पगारात. त्या पगाराच्या जोरावर संघाने इतरत्र महागडे खेळाडू पोसले.

२०२५च्या मार्चमध्ये मात्र पर्डीच्या नव्या कराराची वेळ दारात येऊन ठेपली होती. त्या महिन्यात बचावातले ड्रे ग्रीनलॉ, टालानोआ हुफांगा, चारव्हेरियस वॉर्ड, जावॉन हारग्रेव्ह एकामागून एक दुसऱ्या संघांत गेले. एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये फॉर्टीनाइनर्सच्या पहिल्या पाचही निवडी बचावातल्या होत्या. पहिला, अकराव्या क्रमांकावरचा, जॉर्जिया विद्यापीठाचा डिफेन्सिव्ह एंड मायकेल विल्यम्स. मे महिन्यात पर्डीने सही केली: पाच वर्षं, २६ कोटी ५० लाख डॉलर.