चिऊ-काऊ आणि ‘मुलांसाठी’चा शिक्का : पार्श्वभूमी

‘हा घास चिऊचा, हा घास काऊचा’ ही भरवायची पद्धत कधीपासूनची, हे शोधायला पंचतंत्रापर्यंत मागे जायची गरज नाही. प्राणी-पक्षी मराठी बाळाच्या ताटाशी पहिल्यापासून आहेत. पूर्वी चिऊ खिडकीच्या गजावर दाखवायचे. आता ती पाण्याच्या तांब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये असते, आणि तिचं गाणं संपेपर्यंत वरणभाताचे चार घास पोटात जातात. मोबाइलपर्यंतचा तिचा प्रवास तसा सरळ आहे. २०२० च्या जानेवारीत यूट्यूबवर तिच्यावर ‘मुलांसाठी’ असा शिक्का बसला, तिथून पुढे सगळा गुंता आहे.

आधी प्रवास. पडद्यावरच्या मोराला आंब्याच्या वनात नाचायला सांगणारं गाणं १९५३ च्या मराठी चित्रपटातलं. ते पार्श्वगायिकेच्या आवाजात होतं आणि चित्रपटही घरातल्या सगळ्यांनी मिळून पाहायचा होता. शाळेच्या स्नेहसंमेलनांनी ते नंतर आपलंसं केलं. १९७४ मध्ये एका सरकारी विभागाने हिंदीत छोटा अ‍ॅनिमेशनपट काढला. त्यात जाळ्यात अडकलेल्या चिमण्या जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते जाळं कुरतडतात. दिग्दर्शिका आणि संगीतकार दोघंही मराठी. दूरदर्शनने तो इतक्यांदा दाखवला की आज पन्नाशीला आलेल्या माणसाला मध्येच उठवलं तरी तो चाल धरेल. १९८३ च्या एका हिंदी चित्रपटातला लाकडाचा घोडा त्याच पिढीचा. पुढे कॅसेट आल्या, मग व्हीसीडी. कंपन्यांकडे जुनी ध्वनिमुद्रणं होतीच, फक्त चित्रं जोडायची होती.

ती चित्रं कशी होती, हे मात्र बघण्यासारखं आहे. अनेक ठिकाणी तयार मिळणारी संगणकी चित्रं वापरली गेली. त्यामुळे मराठी गाण्यातली गाय वशिंड नसलेली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, थेट हॉलंडमधून आलेली. तिच्यामागचं कौलारू घर मात्र कोकणातलं. चिमणी पिवळीधमक. बाळाला गाय दाखवायला खाली नेलं की ते शिंगांकडे बघून रडतं, कारण पडद्यावरच्या गाईला शिंगं नसतात.

खरी उडी २०१३ नंतरची. चेन्नईत एका बापाने स्वतःच्या मुलीसाठी केलेल्या अ‍ॅनिमेशनमधून एक चॅनेल उभं राहिलं आणि भारतातूनही जगभरच्या बाळांना गाणी पुरवता येतात, हे इतरांच्या लक्षात आलं. २०१६ मध्ये मोबाइलवरचं इंटरनेट एकदम स्वस्त झालं. यूट्यूबचं मुलांसाठीचं वेगळं अ‍ॅप भारतात आलं ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. कोरियातल्या शार्कच्या कुटुंबाचा सर्वाधिक गाजलेला व्हिडिओही २०१६ च्याच जूनमधला. नोव्हेंबर २०२० मध्ये तो यूट्यूबवर सर्वांत जास्त पाहिलेला व्हिडिओ ठरला आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने एक हजार कोटींचा आकडा गाठला. याच लाटेत मराठी चॅनेलंही निघाली. बरीचशी दोन-तीन माणसांची: एक चित्रं हलवणारा, एक गाणारी, आणि घरातलंच कुणीतरी शब्द तपासणारं.

आता शिक्का. तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय इंटरनेटवर गोळा करायची नाही, असा कायदा अमेरिकेत १९९८ मध्ये झाला आणि २००० पासून लागू झाला. यूट्यूबचं म्हणणं असं की आमच्या नियमांप्रमाणे खातं उघडायला तेरा वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे आमचे प्रेक्षक मुलं नाहीतच. त्याच वेळी खेळणी बनवणाऱ्या कंपन्यांना मात्र मुलांपर्यंत पोचायचं असेल तर आमच्यासारखं दुसरं साधन नाही, असं सांगणं चाललं होतं. हा विरोधाभास तिथल्या ग्राहकहित सांभाळणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने पकडला. ४ सप्टेंबर २०१९ रोजी १७ कोटी डॉलरचा, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे बाराशे कोटी रुपयांचा, समझोता जाहीर झाला. जानेवारी २०२० पासून जगात कुठूनही टाकलेला प्रत्येक व्हिडिओ मुलांसाठी आहे की नाही, हे तो टाकणाऱ्यानेच सांगायचं ठरलं. चुकलात तर एका उल्लंघनाला ४२,५३० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, हा आकडा तेव्हा चॅनेलवाल्यांच्या तोंडी होता.

कशावरून ठरवायचं? विषय, कार्टून पात्रं, गाणी, खेळ, पडद्यावरच्या मुलांचं वय असं सगळं बघायचं. एकट्या कशावरूनही ठरत नाही. इथे मराठीची अडचण वेगळी होते. आपल्याकडे यासाठी निदान तीन शब्द आहेत. मांडीवरच्या बाळाला अर्थ नको, ठेका हवा, त्याच्यासाठी बडबडगीत. बालवाडीतल्या मुलाला शिशुगीत. आणि बालगीत शाळकरी मुलांचं, पण ते आजोबाही रेडिओवर डोळे मिटून ऐकायचे. यूट्यूबवरच्या शीर्षकांनी या तिन्हींना ‘मराठी बालगीते’ म्हणून टाकलं आणि कायद्याने त्या सगळ्यांना तेरा वर्षांखालच्या एकाच खणात घातलं. मोराचंच बघा. जुन्या चित्रपटातला कृष्णधवल तुकडा टाकला तर त्याला कुणी मुलांसाठीचा म्हणणार नाही. त्याच आवाजावर रंगीत मोर नाचवला की शिक्का अटळ.

शिक्का बसला की बघणाऱ्याच्या आवडीनुसार येणाऱ्या जाहिराती बंद, प्रतिक्रिया बंद, नव्या व्हिडिओची घंटी बंद. मोठ्या चॅनेलांकडे खेळणी होती, अ‍ॅप होती, दहा भाषांतली डबिंग होती. मराठी चॅनेलाकडे जाहिरातच होती, तीही आता स्वस्तातली. चांगल्या बालकार्यक्रमांसाठी तीन वर्षांत दहा कोटी डॉलर देऊ, असं कंपनीने समझोत्याच्याच वेळी जाहीर केलं होतं. दोन-तीन माणसांच्या चॅनेलाच्या मासिक हिशेबाला त्या घोषणेचा उपयोग नव्हता.

पैशांपेक्षा मला हळहळ वाटते ती प्रतिक्रियांची. त्या बंद करण्याला सबळ कारण होतं. कार्टूनच्या नावाखाली भलतंच दाखवणारे व्हिडिओ २०१७ मध्ये उघडकीला आले होते आणि २०१९ च्या फेब्रुवारीत मुलांच्या व्हिडिओंखालच्या गलिच्छ मजकुरावरून मोठा गदारोळ झाला होता. पण मराठी गाण्यांखाली चालायचं ते वेगळंच. दुबईतली किंवा न्यू जर्सीतली आई तिसऱ्या कडव्याचे शब्द विचारायची आणि कुणीतरी आजी ते लिहून द्यायची. चिऊताई दार न उघडता आधी बाळाला न्हाऊ घालते की आधी तीट लावते, यावर पन्नास जणांनी वाद घातलेला मी वाचला आहे. विदर्भातलं कडवं वेगळं, कोल्हापूरकडचं वेगळं. ते सगळं एका रात्रीत दिसेनासं झालं.

डॉक्टरांचं म्हणणं या सगळ्याला समांतर चालू होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या एप्रिल २०१९ मधल्या शिफारशीनुसार दोन वर्षांखालच्या बाळाला पडदा अजिबात नको आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त नको. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांनीही पुढे ‘अजिबात नको’ची मर्यादा दोन वर्षांचीच सांगितली. याच काळात तासतासभराच्या जोडव्हिडिओंचं पेव फुटलं: वीस गाणी एकापाठोपाठ, म्हणजे पोळ्या लाटताना पिठाच्या हाताने मोबाइलला हात लावायला नको.

आपला स्वतःचा विदासंरक्षण, म्हणजे वैयक्तिक माहिती जपण्याचा, कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला. त्यात मूल म्हणजे अठरा वर्षांखालचं. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी आहे आणि पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, संमतीसह मुख्य बंधनांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत आहे. तांब्याला टेकवलेला तो मोबाइल आईचा आहे, आणि त्यातलं खातंही आईचंच.