वेतन-पारदर्शकता (कोल्हापूर जिल्हा)

वेतन-पारदर्शकता : कोणत्या कामाला किती मोबदला मिळतो आणि तो कसा काढला, हे काम करणाऱ्याला कळणे व पडताळता येणे. समान कामाला समान वेतन हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये आहे. त्यासाठी 1976 चा समान वेतन कायदा झाला. पुढे हा विषय 2019 च्या वेतन संहितेत घेतला गेला. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र ‘पगार किती’ याच्या आधी ‘मोजणार कोण’ हा प्रश्न येतो.

इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. तिथली मजुरी पिकावर ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. 52 पिकाला मीटरमागे इतके पैसे, असा दर बोलला जातो. पीक वाढले की मजुरी वाढते. शंका आली तर कापडावर छोटे भिंग ठेवायचे आणि सुईच्या टोकाने धागे मोजायचे. मीटर दिवाणजीच्या वहीत असतात. वही मालकाची, पण भिंग कोणीही धरावे. जिल्ह्यातली ही बहुधा सर्वांत उघडी मजुरी. (त्याच शेडमध्ये कांड्या, म्हणजे आडव्या धाग्याची रिळे, भरणाऱ्या बाईच्या दराची मात्र एवढी चर्चा होत नाही.)

ऊसतोडीत सगळे उलटे. तिथे मोजमाप ‘कोयत्या’चे, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीचे. दर टनावर, वजन कारखान्याच्या काट्यावर, हिशेब मुकादमाकडे, म्हणजे टोळी आणणाऱ्या मध्यस्थाकडे. हंगामाआधी घेतलेली उचल त्यातूनच वळती होते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदरात 34 टक्के वाढ ठरली. कोयत्यातल्या बाईचा वाटा त्यात वेगळा धरलेला नाही. मोळी ती बांधते, डोक्यावरून वाहूनही नेते. उचल सहसा नवऱ्याच्या हातात पडते. इथे समान वेतन लावायचे तर आधी दोन माणसे दोन म्हणून मोजावी लागतील.

नागाळा पार्कातल्या जिल्हा परिषदेच्या लिपिकाचे मासिक वेतन माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे असते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या खासगी फाउंड्रीवर, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यावर, असे बंधन नाही. पगारपत्रक द्यावे लागते, पण ते ज्याचे त्याला. एकाच भट्टीवर कायम कामगार आणि ठेकेदाराचा माणूस शेजारी उभे असले, तरी कागदावर दोघांचे मालक वेगळे.