बीपी लो आहे, मग हृदयाच्या गोळ्या कशाला?

हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या माणसाच्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. डिस्चार्ज मिळून महिना-दीड महिना झालेला असतो. घरी नवं डिजिटल मशीन आणलेलं असतं आणि एका सकाळी त्यावर ९४/६० दिसतं. कुणीतरी गोळीचं नाव मोबाइलवर शोधतं, तिथे ‘रक्तदाब कमी करणारं औषध’ असं लिहिलेलं असतं. बीपी आधीच लो, मग ते आणखी उतरवणारी गोळी कशाला? हिशोब सरळ वाटतो. गोळी बंद होते आणि डॉक्टरांना ते पुढच्या भेटीपर्यंत कळतही नाही.

हा हिशोब चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो. कारण पंपिंग कमी असलेल्या रुग्णाला या गोळ्या बीपी उतरवण्यासाठी दिलेल्याच नसतात.

हृदय अशक्त झालं की दर ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी होतं. शरीराला मात्र त्याचं खरं कारण समजत नाही. रक्तस्राव झालाय किंवा अंगातलं पाणी आटलंय, असंच ते धरून चालतं. मूत्रपिंडं रेनिन सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक मीठ आणि पाणी धरून ठेवतं. अॅड्रेनलिनच्या जातीची संप्रेरकं ठोके वाढवतात. जखमी माणसाला काही तास, काही दिवस तगवायला ही व्यवस्था उत्तम आहे. पण अशक्त हृदयाच्या बाबतीत ती महिनोन्‌महिने चालूच राहते. थकलेल्या बैलाला चाबूक मारत राहावं तसं होतं. तो थोडा वेळ जोरात चालतो आणि मग कोसळतो. हृदयाचा स्नायू ताणला जातो, त्यात तंतू साठतात, पोकळी मोठी होत जाते. रामिप्रिल, एनालाप्रिल, मेटोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधं हा मारा थांबवतात. तो थांबताना बीपीही थोडं खाली येतं. ते औषधाच्या कामाबरोबर येणारच.

या औषधांच्या एका मोठ्या गटाचा, म्हणजे रामिप्रिल-एनालाप्रिलच्या कुळाचा, उगम एका सापाच्या विषात आहे. ब्राझीलमधला जराराका हा विषारी साप चावला की माणसाचा रक्तदाब झपाट्याने कोसळतो. १९४०च्या दशकाच्या अखेरीस मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषाचा अभ्यास करताना ब्रॅडिकायनिन हा रक्तवाहिन्या सैल करणारा पदार्थ शोधला. १९६५ साली सर्जिओ फरेरा यांनी त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा परिणाम वाढवणारा घटक दाखवून दिला. पुढे अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी यांनी या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे या कुळातलं औषध बनवलं आणि १९८१ साली ते तिथे वापरात आलं. शिकारीला रक्तदाब पाडून मारणाऱ्या विषाने जगभरच्या हृदयरुग्णांना औषध दिलं, ही मला वैद्यकाच्या इतिहासातली फार सुंदर गोष्ट वाटते.

लो बीपीची अडचण डॉक्टरांना पहिल्यापासून ठाऊक होती. स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडमधल्या २५३ अतिगंभीर रुग्णांवर एनालाप्रिलची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९८७ साली आले. चाचणी सुरू झाल्यावर काही रुग्णांचं बीपी फार घसरलं. तेव्हा संशोधकांनी औषध रद्द केलं नाही. ज्यांना जास्त धोका होता त्यांचा सुरुवातीचा डोस कमी केला आणि हळूहळू वाढवला. सहा महिन्यांनी पाहिलं तर औषध नसलेल्या साध्या गोळीच्या गटात ४४ टक्के रुग्ण दगावले होते, एनालाप्रिलच्या गटात २६ टक्के. डोस लहान करायचा, चढवायचा सावकाश, पण औषध हातचं सोडायचं नाही, ही रीत आजही तशीच चालते. २०१४ साली सुमारे ८,४०० रुग्णांच्या चाचणीत सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन हे नवं औषध एनालाप्रिलशी ताडून पाहिलं गेलं. लो बीपीचा त्रास नव्या औषधावर १४ टक्क्यांना झाला, जुन्यावर ९ टक्क्यांना. तरी मृत्यू नव्या औषधावरच कमी झाले आणि लो बीपीमुळे औषध कायमचं सोडावं लागलेले रुग्ण दोन्ही गटांत शंभरात एकाच्या आसपासच होते.

मग किती खाली म्हणजे फार खाली? एकच एक आकडा सांगता येत नाही. पंपिंग कमी असलेल्या कित्येक रुग्णांचं वरचं बीपी ९० ते १०० असतं. त्यांना चक्कर नसते, लघवी नीट होते, डोकं तल्लख असतं. अशांच्या गोळ्या डॉक्टर सहसा कमी करत नाहीत. उलट ११० असूनही उभं राहिलं की भोवळ येत असेल, तर तो त्रास खरा आहे. आकड्याला लक्षणांची जोड हवी, आणि ती लक्षणं बहुतेक वेळा उठून उभं राहताना दिसतात.

उभं राहणं ही शरीराच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. काही सेकंदांत अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं. मानेतल्या रोहिणीत आणि महारोहिणीच्या कमानीत दाब ओळखणारी केंद्रं असतात. ती मेंदूला लगेच कळवतात, ठोके वाढतात, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि आपल्याला काही जाणवतही नाही. हृदयाच्या गोळ्या नेमक्या याच साखळीत हात घालतात. बीटा ब्लॉकर, म्हणजे मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल, ठोके वाढू देत नाही. रामिप्रिलसारखी औषधं वाहिन्यांना पुरेसं आवळू देत नाहीत. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणीच कमी केलेलं असतं. वय झालेलं असेल, त्यात जुना मधुमेह असेल, तर निरोप नेणाऱ्या नसाही मंदावलेल्या असतात.

आमच्या आप्पांचं असंच झालं. सकाळी चहाबरोबर ते एकदम पाच गोळ्या घ्यायचे, मग गरम पाण्याने आंघोळ, मग पाटावर बसून पूजा. आरतीला उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि ते देव्हाऱ्याची कड धरून उभे राहायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, हृदय आणखी बिघडलं. डॉक्टरांनी आधी बसवून बीपी घेतलं, ते १०८/६६ भरलं. मग उभं करून एक मिनिटाने घेतलं, ते ८४/५८. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं बीपी २० किंवा खालचं १० अंकांनी उतरलं, तर तो उठण्याशी जोडलेला लो बीपी धरतात. मग डॉक्टरांनी गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या टेबलावर मांडायला सांगितल्या. त्यात टॅमसुलोसिन निघाली, प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली. ही गोळी रक्तवाहिन्याही सैल करते, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ती रात्री झोपताना गेली. पायांवर सूज नव्हती, छातीत पाणी नव्हतं, म्हणून लघवीची गोळी अर्धी झाली. हृदयाच्या गोळ्यांपैकी एक संध्याकाळी सरकली. हृदयासाठीचं एकही औषध बंद झालं नाही आणि अंधारी येणं थांबलं.

डॉक्टर साधारण याच क्रमाने विचार करतात. पंपिंग कमी असलेल्याचं आयुष्य ज्याने वाढत नाही अशी एखादी गोळी बीपी पाडते आहे का, हे आधी बघायचं: पूर्वीच्या हाय बीपीसाठी सुरू केलेली आणि तशीच राहून गेलेली अम्लोडिपिन, प्रोस्टेटची गोळी, गरज उरली नसेल तर छातीतल्या कळेसाठीची नायट्रेटची गोळी. मग लघवीची गोळी जरुरीपेक्षा जास्त होत नाही ना. मग वेळा. हृदयाचं रक्षण करणारी औषधं कमी करायची वेळ आलीच, तर ती सगळ्यात शेवटी. बीटा ब्लॉकर तर आपल्या मनाने एका दिवसात कधीही सोडू नये. तो अचानक थांबवला की ठोके उसळतात आणि छातीतलं दुखणं, क्वचित हार्ट अटॅकही ओढवू शकतो.

आता आपल्याकडच्या घरगुती उपायांबद्दल, कारण चिंता वाटावी अशी जागा हीच आहे. ‘बीपी लो झालं’ म्हटलं की लिंबू, मीठ, साखर घातलेलं पाणी पुढे येतं. उन्हातून आलेल्या धडधाकट माणसाला ते चालेल. पंपिंग कमी असलेल्याला तेच मीठ पाणी धरून ठेवायला लावतं. दोन दिवसांनी पाय सुजतात आणि रात्री दम लागतो. शहाळ्याचंही तेच. त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा रामिप्रिल चालू असेल तर शरीरातलं पोटॅशियम आधीच वाढलेलं असू शकतं. ते फार वाढलं तर ठोक्यांची लय बिघडते. बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठातही पोटॅशियमच घातलेलं असतं, तेव्हा तेही विचारल्याशिवाय नको.

आणखी एक भीती सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळीची. नायट्रोग्लिसरीनचा छातीतल्या कळेवर उपयोग होतो, हे लंडनच्या विल्यम मरेल यांनी १८७९ साली मांडलं आणि आजही जिभेखालची गोळी त्याच कुळातली आहे. ती छातीत कळ आल्यावर घ्यायची, तीही बसून. चक्कर आली, घाम फुटला, एवढ्यावरून घाबरून ती कुणाच्या जिभेखाली ठेवली तर उतरलेलं बीपी आणखी कोसळतं. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल, म्हणजे लैंगिक ताकदीसाठीची गोळी, घेतली असेल तर सॉर्बिट्रेट जिवावर उठू शकते. पुरुष हे लाजेपोटी सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगायलाच हवं.

रोजच्या जगण्यात करता येण्यासारखं बरंच आहे. पलंगावरून उठताना आधी कडेला बसावं, पाय खाली सोडून पावलं वरखाली हलवावीत, मगच उभं राहावं. पोटऱ्यांचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. उभं असताना भोवळ जाणवली तर पायावर पाय टाकून मांड्या घट्ट दाबाव्यात आणि मुठी आवळाव्यात. बसायला जागा मिळेपर्यंत तेवढा वेळ निभावून जातो. पाटावर किंवा जमिनीवर बसायची सवय असेल तर काही दिवस खुर्ची बरी. आंघोळ कोमट पाण्याने, स्टुलावर बसून. रात्री लघवीला पुरुषांनीही बसावं. भरपेट जेवलं की रक्त आतड्यांकडे ओढलं जातं, त्यामुळे सणाच्या पंगतीनंतर लगेच उठून चालू लागू नये. आणि कुणी भोवळ येऊन खाली बसलंच, तर त्याला धरून उभं करायची घाई नको. आडवं करावं, पाय उंच ठेवावेत. आडवं झाल्यावर दम लागत असेल तर पाठीला उशी द्यावी.

उन्हाळ्यात वेगळी काळजी लागते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५च्या पुढे जातो, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जातं आणि जानेवारीत योग्य असलेला लघवीच्या गोळीचा डोस मे महिन्यात जास्त होतो. रोज सकाळी, लघवी झाल्यावर आणि खाण्याआधी, वजन करून वहीत लिहावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, तेवढंच उतरलं तर अंग कोरडं पडतंय; दोन्ही वेळा डॉक्टरांना फोन करावा. हरतालिकेचा किंवा निर्जळी एकादशीचा उपास अशा रुग्णांनी करू नये, असं मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर मात्र काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात: लघवीची, रामिप्रिलच्या जातीची, स्पायरोनोलॅक्टोन, आणि मधुमेहात व हृदयासाठीही दिली जाणारी डॅपाग्लिफ्लोझिन. त्याच दिवशी फोन करून कोणती थांबवायची हे विचारावं, आणि पुन्हा कधी सुरू करायची हेही लगेच विचारून लिहून ठेवावं. थांबवलेली गोळी तशीच बंद राहून जाणं, हे फार वेळा होतं.

बीपी मोजतानाही पाच मिनिटं शांत बसलेलं असावं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला. ठोके अनियमित असणाऱ्यांचं डिजिटल मशीन कधी कधी चुकीचं दाखवतं, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नये.

काही लक्षणं मात्र फोनवर निभावण्यासारखी नसतात. शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, दरदरून गार घाम, गोंधळल्यासारखं बोलणं, दिवसभरात लघवी जवळजवळ न होणं, नाडी ५०च्या खाली जाऊन चक्कर येणं. आणि काळी, डांबरासारखी शौच. अँजिओप्लास्टीनंतर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या चालू असतात, त्यांनी पोटात रक्तस्राव होऊ शकतो आणि बीपी त्याच कारणाने उतरत असतं. घरचे मात्र रामिप्रिललाच दोष देत बसतात. अशा वेळी १०८ला फोन करावा आणि निघताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात, प्रोस्टेटच्या, साखरेच्या आणि आयुर्वेदिकही.